चागोसच्या माणसांना कुणी विचारलं का? : मॉरिशस सरकारला खुले पत्र

प्रति,
माननीय पंतप्रधान डॉ. नवीनचंद्र रामगुलाम
आणि मंत्रिमंडळातील सर्व सदस्य,
पोर्ट लुई, मॉरिशस

जून २०२५

महोदय,

२२ मे रोजी चागोस द्वीपसमूहाच्या करारावर आपली आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांची सही झाली. मॉरिशसचा नागरिक म्हणून मलाही त्या दिवशी बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकतो. १९६५ साली ब्रिटनने तोडून नेलेला मुलूख साठ वर्षांनी कागदावर का होईना परत आला. हा विजय छोटा नाही आणि तो कमी लेखण्यासाठी मी लिहायला बसलेलो नाही.

पण करार वाचला. अमेरिकेच्या लष्करी तळाचं काय, भाड्याचं काय, तो तळ जिथे आहे त्या दिएगो गार्सिया बेटाच्या भोवतालच्या समुद्रात कुणी काय बांधायचं आणि काय नाही, सगळं बारकाईने लिहिलं आहे. ज्यांना त्या बेटांवरून बोटीत कोंबून हाकललं, त्यांना हे मान्य आहे का, एवढं मात्र कुणी विचारल्याचं कुठे दिसलं नाही. माझी तक्रार तिथून सुरू होते.

मी इथला मराठी माणूस. पणजोबा कोकणातून मुंबई बंदरावर आले आणि गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, अंगठा उठवून उसाच्या मळ्यात उतरले. मी सरकारी शाळेत मराठी शिकवतो. क्रेओल, फ्रेंच, इंग्रजीत आपल्याला पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. मराठीत लिहितोय ते आमच्याच लोकांनी वाचावं म्हणून. गणेशचतुर्थीला आमच्या मंदिरात मंत्री येतात, आम्ही हार घालतो, शाळेतले मराठीचे तास वाढवा म्हणतो, सभागृहाला अनुदान मागतो. चागोसचा विषय मी आमच्या एकाही सभेत ऐकलेला नाही. 'तो त्या क्रेओल लोकांचा प्रश्न,' असं म्हणून आम्ही मोकळे. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनाही हे कळायला हवं. का, ते पुढे येईलच.

माझ्या एका सहकाऱ्याची आई चागोसमधल्या पेरोस बान्योस बेटावर जन्मली. आता इथे मॉरिशसमध्ये बे द्यु तोंबोला एका पत्र्याच्या घरात राहते. तिच्याकडे एक प्लास्टिकची पिशवी आहे. त्यात विजेची बिलं, ओळखपत्र, दवाखान्याचं कार्ड आणि एका इंग्रजी कागदाची झेरॉक्स. १९८२ साली ब्रिटनने ४० लाख पौंड दिले, तेव्हा भरून घेतलेला तो फॉर्म. वर कायद्याची इंग्रजी, खाली अंगठा. यापुढे काही मागणार नाही, परत जाण्याचा हक्क सोडला, असा त्याचा अर्थ होता हे तिला पुढे कुणीतरी सांगितलं. अंगठा उठवताना तिला ठाऊक होतं ते इतकंच, की आता छपराचे पत्रे घेता येतील. झेरॉक्सवर ठसा इतका काळा आलाय की रेघ एक दिसत नाही. मला साहजिकच पणजोबांचं गिरमिट आठवलं.

काय घडलं ते आपल्याला मी सांगायची गरज नाही. वाचकांसाठी थोडक्यात लिहितो.

चागोस म्हणजे हिंदी महासागराच्या मधोमध साठेक लहान बेटं. दिएगो गार्सिया त्यातलं सगळ्यांत मोठं. फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या शेवटी मादागास्कर आणि मोझांबिककडून गुलाम आणून तिथे नारळाच्या बागा लावल्या. पुढे दक्षिण भारतातले मजूरही गेले. पिढ्यान् पिढ्या लोक तिथेच जन्मले, नारळ सोलून, खोबरं वाळवून जगले आणि तिथल्याच मातीत पुरले गेले. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना अमेरिकेच्या लष्करी तळासाठी ही बेटं मॉरिशसपासून वेगळी काढायचं ठरलं. बदल्यात ३० लाख पौंड. आपले वडील, सर शिवसागर, तेव्हा मॉरिशसची बाजू मांडत होते. त्यांना आशा दाखवून घाबरवायचं, अशा अर्थाची टिपणी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांच्यासाठी लिहून ठेवली होती. ती आज जगजाहीर आहे. त्यात मी सर शिवसागरांना दोष देत नाही. स्वातंत्र्य टांगणीला लावलेलं असताना दिलेला होकार कसला होकार?

१९६६ साल तर आफ्रिकेने विसरूच नये. १८ जुलैला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नैर्ऋत्य आफ्रिकेचा, म्हणजे आजच्या नामिबियाचा, खटला बाहेरचा रस्ता दाखवून निकालात काढला. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध इथिओपिया आणि लायबेरिया तो सहा वर्षं लढत होते. मतं सात विरुद्ध सात पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सांगण्यात आलं की दाद मागायचा तुम्हाला अधिकारच नाही. पुढच्याच महिन्यात लंडनच्या परराष्ट्र खात्यात एक साहेब चागोसबद्दल लिहीत होते की तिथे समुद्रपक्ष्यांखेरीज मूळ रहिवासी कुणी उरणार नाहीत. दुसऱ्या साहेबांनी खाली जोड दिली, की पक्ष्यांबरोबर 'काही टारझन किंवा मॅन फ्रायडे' निघतात, त्यांचं मूळ काय ते माहीत नाही. आंतरराष्ट्रीय कायदा आफ्रिकेला त्या काळी असा भेटत होता. एका दारावर 'तुम्ही कोण विचारणारे', दुसऱ्या दारावर 'तुम्ही माणसंच नाही'.

मग १९६७ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार माणसं हलवली. औषधोपचारासाठी मॉरिशसला आलेल्यांना परतीची बोट नाकारली. बेटांवर रसद येईनाशी झाली. १९७१ मध्ये दिएगो गार्सियावरची कुत्री गोळा केली, खोबरं वाळवायच्या भट्टीत कोंडली आणि अमेरिकी लष्करी गाड्यांचा धूर आत सोडून मारली. ज्या भट्टीत कालपर्यंत आपण खोबरं पसरत होतो, तिच्यातून आपल्याच कुत्र्यांचा आवाज येतोय, तो थांबतोय, आणि उद्या बोटीत आपला नंबर. सहकाऱ्याची आई दुसऱ्या बेटावरची. तरी हे तिने ऐकलेलं आहे आणि ती त्याबद्दल बोलत नाही. विषय निघाला की उठून चहा ठेवते.

इतकं सगळं झाल्यावर २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याच हेगच्या न्यायालयाने तेरा विरुद्ध एक मताने आपल्या बाजूने सल्लागार मत दिलं. अध्यक्ष होते सोमालियाचे अब्दुलकवी युसुफ. प्रश्न न्यायालयाकडे पाठवायचा ठराव संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांनी मिळून आणला होता. आफ्रिकी संघाने स्वतः बाजू मांडली, भारतानेही मांडली. २२ मे २०१९ रोजी आमसभेत ११६ देश आपल्या बाजूने उभे राहिले, विरोधात अवघे सहा. १९६६ चा हिशेब आफ्रिकेने अशा रीतीने चुकता केला.

हा खटला जिंकून दिला कुणी? वकिलांनी दिला, खरंच आहे. पण सप्टेंबर २०१८ मध्ये त्या कोर्टात पडद्यावर लिझबी एलिझे दिसल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाई. क्रेओलमध्ये बोलल्या. पेरोस बान्योसवरून १९७३ च्या एप्रिलमध्ये बोटीत कसं चढवलं, पोटात मूल होतं, ते कसं गेलं, हे त्यांनी सांगितलं. ते बोलणं आपल्या सरकारने न्यायालयापुढे ठेवलं. साक्षीला चागोसची बाई लागते, तर बोलणी करताना चागोसचं माणूस का लागत नाही?

न्यायालयाचा निकाल नेमका कशावर उभा आहे, हेही आपण जाणता. १९६५ ची तोडणी संबंधित लोकांच्या मुक्त आणि खऱ्या इच्छेवर आधारलेली नव्हती, म्हणून ती बेकायदा. याच कसोटीवर आपण जिंकलो. मग २०२५ चा करार त्याच कसोटीवर घासून बघायला काय हरकत आहे?

गेल्या ऑक्टोबरात आधीच्या सरकारने ब्रिटनबरोबर समझोता जाहीर केला. नोव्हेंबरात आपण आलात, ६२ पैकी ६० जागा घेऊन. समझोता जसाच्या तसा मानणार नाही म्हणालात आणि पैशाच्या अटींवर पुन्हा बोलणी केलीत. म्हणजे मसुदा उघडता येत होता, वेळ होता, लोकांनी दिलेली ताकदही होती. भाड्यासाठी उघडलेला मसुदा माणसांसाठी का उघडला नाही, हे मला आपल्याकडून ऐकायचं आहे.

करारानुसार दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर जाणार आहे आणि मुदत आणखी ४० वर्षं वाढवायची सोय ठेवली आहे. पुनर्वसन करायचं तर इतर बेटांवर करा, दिएगो गार्सियावर नाही. आता चागोसवासीयांतले किती तरी त्याच बेटावर जन्मलेले. फिलिपाइन्समधून आलेले कामगार तळावर राहू शकतात, स्वयंपाक करू शकतात, लॉन कापू शकतात; जिच्या बापाची कबर तिथे आहे ती बाई भेटीपुरती जाईल, तीही परवानगी मिळाली तर. अमेरिकेचा तळ आज उठणार नाही हे मलाही कळतं. पण तळ आणि वस्ती एका बेटावर नांदूच शकत नाहीत, हे कुणी सिद्ध केलं? जपानमधल्या ओकिनावा बेटावर अमेरिकेचे तळ आणि लाखांची वस्ती शेजारी शेजारी आहेत.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलणारे खूप आहेत. सरासरी वर्षाला १० कोटी १० लाख पौंड येणार. चागोसवासीयांसाठी ४ कोटींचा निधी, एकदाच. तो कसा वापरायचा हे सरकारच्या हातात. १९७३ च्या सुमारास ब्रिटनने साडेसहा लाख पौंड दिले होते, ते इथल्या सरकारकडे वर्षानुवर्षं पडून राहिले आणि वाटप १९७७-७८ मध्ये झालं. तोवर महागाईने त्यातला जीव गेलेला. लोक आजही ते विसरलेले नाहीत, म्हणून 'सरकार बघेल' या शब्दांवर त्यांचा विश्वास बसत नाही.

आता एक गोष्ट आपल्या बाजूने. चागोस रेफ्युजी ग्रुप आणि त्याचे नेते ऑलिव्हिए बँकू या कराराच्या बाजूने आहेत. ज्या माणसाने लंडनच्या कोर्टात ब्रिटिश सरकारला २००० साली हरवलं, त्याच्या मताला वजन आहेच. तिकडे ब्रिटनमधले, विशेषतः क्रॉली गावातले कित्येक चागोसवासी विरोधात आहेत. सहीच्या दिवशी पहाटे दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन महिलांनी लंडनच्या उच्च न्यायालयातून स्थगिती आणली आणि दुपारपर्यंत ती उठलीही. सेशेल्समध्ये राहणाऱ्यांना काय वाटतं, ते तर फारसं कुणी छापतही नाही. मतं दुभंगलेली आहेत म्हणून विचारलं नाही, हे कारण होऊ शकत नाही. मतं दुभंगलेली असतात तेव्हाच मतदान घेतात.

कुणी म्हणेल, स्वयंनिर्णयाचा हक्क मॉरिशसच्या जनतेचा, ती एकच जनता, तिने निवडलेलं सरकार बोललं, संपलं. हेगमधला युक्तिवाद म्हणून हे ठीक होतं, समोर साम्राज्य होतं. घरात मात्र ते चालणार नाही, कारण आफ्रिकेने स्वतः केलेला कायदा वेगळं सांगतो. मानवी हक्कांच्या आफ्रिकी सनदेच्या नावातच माणसांबरोबर 'जनसमूहांचे' हक्क आहेत. नैरोबीत १९८१ साली ती स्वीकारली गेली, १९८६ पासून लागू झाली, आणि मॉरिशसने १९९२ साली मान्य केली. विकासाचा हक्क, आपल्या जमिनीच्या आणि समुद्राच्या संपत्तीवरचा हक्क तिने जनसमूहांना दिला आहे. आणि जनसमूह म्हणजे दरवेळी अख्खा देश नव्हे, हे मानवी हक्कांच्या आफ्रिकी आयोगाने केनियाच्या प्रकरणात ठरवून टाकलेलं आहे.

ते प्रकरण जरा सांगतो, कारण चागोसशी त्याचं नातं फार जवळचं आहे. केनियात बोगोरिया सरोवराकाठी एंडोरोइस नावाचा गुराखी समाज. १९७३ पासून अभयारण्यासाठी त्यांना हुसकायला सुरुवात झाली. पेरोस बान्योसची शेवटची माणसं बोटीत घातली तेच वर्ष. सरकार केनियाचंच, गोरा साहेब कुणी नाही. सरकारचं म्हणणं, की हे काही वेगळे लोक नाहीत, आणि पर्यटनाचा फायदा सगळ्यांनाच. २०१० साली जाहीर झालेल्या निर्णयात आयोगाने सांगितलं, की त्यांची जमीन त्यांना परत द्या, नुकसानभरपाई द्या, पर्यटनाच्या उत्पन्नात वाटा द्या. आणि मुख्य म्हणजे अशा कामाआधी त्या समाजाशी नावापुरती नव्हे, खरी सल्लामसलत व्हायला हवी होती, ती न करून केनियाने विकासाचा हक्क मोडला. २०१७ मध्ये टांझानियातल्या आरुशाच्या आफ्रिकी न्यायालयाने माउ जंगलातल्या ओगिएक समाजाच्या बाजूने तसाच निकाल दिला. अंमलबजावणीत केनियाने चालढकल केली ते वेगळं. कायदा काय हे मात्र स्पष्ट झालं. मॉरिशसचं सरकार हेगला जाताना आफ्रिकेचा हात धरतं. आरुशाच्या निकालांकडे मग पाठ का?

त्या आरुशाच्या न्यायालयात चागोसची एखादी म्हातारी मॉरिशसविरुद्ध जाऊ शकते का? नाही. ते न्यायालय स्थापणारा करार आपण २००३ साली मान्य केला, पण नागरिकांना थेट दाद मागू देणारी घोषणा मात्र केली नाही. रवांडा, टांझानिया, बेनिन, आयव्हरी कोस्ट यांनी ती घोषणा दिली आणि निकाल नकोसे झाल्यावर मागे घेतली, म्हणून आपण नाकं मुरडतो. आपल्यावर मागे घ्यायची वेळ आली नाही, कारण आपण ती दिलीच नाही.

आणखी एक खुपतं ते २०२१ ची फौजदारी कायद्यातली दुरुस्ती. परक्या सरकारच्या सांगण्यावरून किंवा पैशावर मॉरिशसच्या सार्वभौमत्वाची चुकीची मांडणी केली तर दहा वर्षांपर्यंत कैद. रोख ब्रिटनवर होता, समजू शकतो. पण क्रॉलीत ब्रिटिश सरकारच्या मदतीवर चालणाऱ्या एखाद्या चागोस मंडळातली मुलगी 'आम्हाला मॉरिशस नको' म्हणाली, तर पोर्ट लुईच्या विमानतळावर तिचं काय होईल? मला तिचं म्हणणं पटत नाही. पण ते म्हटल्याबद्दल तिला भीती वाटावी, हे मला चालत नाही.

आता महाराष्ट्रातल्या वाचकांना का ओढलं ते. मॉरिशसच्या उत्तरेला अगालेगा नावाची दोन बेटं आहेत. तीनेकशे माणसं, नारळाच्या बागा, म्हणजे चागोसच्या गोत्रातलीच. तिथे भारताच्या पैशाने तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. भारताचा लष्करी तळ नाही, असं सरकार सांगतं. आजाऱ्याला विमानाने आणता येतं, रसद लवकर पोहोचते, ते चांगलंच आहे. पण राहत्या माणसांच्या पायाखालची जमीन कुणाची, याचा पक्का कागद त्यांच्यापाशी नाही, आणि चागोसचं काय झालं हे त्यांना तोंडपाठ आहे. भारत हेगमध्ये चागोसच्या बाजूने बोलला, याचा आम्हाला इथे अभिमान आहे. मग अगालेगाच्या माणसांचं भय घालवायची जबाबदारी दिल्लीवरही येते, आणि तो प्रश्न मुंबई-पुण्यातल्या वाचकांनीही आपल्या खासदारांना विचारावा.

तेव्हा महोदय, मागण्या अशा:

करार पक्का होण्याआधी मॉरिशस, सेशेल्स आणि ब्रिटनमधल्या चागोसवासीयांची नोंदणी करून त्यांचं मत घ्या. क्रेओलमध्ये घ्या, गुप्त मतदानाने घ्या आणि निकाल छापा.

४ कोटींच्या निधीच्या विश्वस्तांत बहुमत चागोसवासीयांनी निवडून दिलेल्यांचं असू द्या. दरवर्षीचा हिशेब राष्ट्रीय सभेपुढे ठेवा. भाड्याच्या रकमेतला ठराविक वाटा पेरोस बान्योस आणि सालोमों बेटांवर घरं, पाणी, दवाखाना आणि धक्का यांसाठी कायद्याने बांधून ठेवा. तिथे आज राहण्याजोगं काही उरलेलं नाही.

दिएगो गार्सियावर जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना तिथे राहू द्यावं, निदान तळावरच्या नोकऱ्यांत पहिला हक्क द्यावा, अशी लेखी मागणी ब्रिटन आणि अमेरिकेकडे करा. त्यांचं उत्तर, नकार असला तरी, लोकांपुढे ठेवा.

आफ्रिकी न्यायालयाची घोषणा याच वर्षी द्या. २०२१ च्या दुरुस्तीतून चागोसवासीयांचं आपल्याच बेटांबद्दलचं बोलणं वगळा.

अगालेगाच्या रहिवाशांना जमिनीचे कागद द्या. त्यांच्या लेखी संमतीशिवाय कुणालाही हलवणार नाही, असा कायदा करा.

यातली एकही मागणी करार मोडायला सांगत नाही. बहुतेकांना ब्रिटनची परवानगीही लागत नाही.

सहकाऱ्याच्या आईला मी या पत्राबद्दल सांगितलं. तिने विचारलं, पंतप्रधानांना मराठी येतं का? म्हटलं, भाषांतर करून घेतील. उत्तर द्याल तेव्हा मात्र क्रेओलमध्ये द्या, आणि ते बे द्यु तोंबोच्या समाजमंदिरात मोठ्याने वाचून दाखवायची व्यवस्था करा. मराठीत मी करून घेईन.

आपला,
मॉरिशसचा एक नागरिक आणि मराठीचा शिक्षक